येलवालहून आणलेलं बंदर

ही गोष्ट मी रचलेली नाही. रचायची असती तर रात्र घेतली असती, पाऊस घेतला असता. इथं दोन्ही नाही.

भर दुपार होती. तीन वाजले होते.

गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीतला दुसरा बुधवार. म्हैसूर, कुवेंपुनगर.

घर माझ्या सख्ख्या बहिणीचं, सिंधूताईचं. आणि ज्यांच्यावर हे गुदरलं ते तिचे यजमान, त्र्यंबकभाऊजी. त्यांनी स्वतः मला सांगितलं. काही ताईनं सांगितलं. दोघांच्या सांगण्यात एका शब्दाचाही फरक नव्हता, म्हणून लिहितोय.

भाऊजी भुताखेतांतले नाहीत. पुणं सोडून सतरा वर्षं झाली. म्हैसूरजवळ बेळगोळच्या एका कारखान्यात तपासणी विभागात आहेत. दुसऱ्याच्या कामातली चूक शोधणं हीच नोकरी, आणि स्वभावही तोच झालेला. मिठाची बरणी चार बोटं सरकली तरी विचारतील, कुणी सरकवली?

त्यांना नाद एकच. छोट्या रेल्वेचा.

वरच्या मजल्यावर एक खोली आहे. तिथं मोठ्या टेबलावर त्यांनी रूळ, स्टेशन, बोगदे असं सगळं मांडलंय. सगळं खऱ्याच्या सत्याऐंशी पट लहान. किट मागवायचे, चिमट्यानं एकेक तुकडा जोडायचा, रंगवायचं. माणसं तर बोटाच्या पेराएवढी.

बरेच दिवस त्यांना बंदर करायचं होतं. गाडी थेट धक्क्यापर्यंत जाईल असं.

जानेवारीत त्यांना कळलं, गावाबाहेर येलवालला एका घरी बंदर अर्धवट करून ठेवलेलं आहे. करणारे तुकोजीराव वारले होते. म्हैसूरच्या जुन्या मराठा घराण्यातले. उमेदीची वर्षं कुठल्याशा बंदरावर क्रेन चालवली, मग घरी परतले आणि किट आणून हे करत बसले.

त्यांच्या पत्नी शकुंतलाबाईंनी ते भाऊजींना देऊन टाकलं. खोली मोकळी हवी होती, एवढंच म्हणाल्या.

काम अप्रतिम होतं. गोदाम, क्रेन, दोरखंडांची वेटोळी, पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या. धक्क्यावर अकरा माणसं.

फक्त पाणी नव्हतं.

नऊ वर्षं काम केलं आणि पाणी तेवढं का घातलं नाही, असं भाऊजींनी विचारलं. बाई म्हणाल्या, "ते म्हणायचे, बघू. आमेले बघू."

आमेले म्हणजे नंतर. त्यांच्या मराठीत निम्मं कन्नडच असतं.

भाऊजींनी बंदर घरी आणलं आणि वरच्या खोलीत, खाली जमिनीवरच मांडलं.

असल्या बंदरातलं पाणी म्हणजे रेझिन. दोन द्रव मिसळायचे आणि पातळ थर ओतायचा. एक दिवस थांबलं की काच होते. मग त्यात सुईसुद्धा रुतत नाही. त्या बंदराची खोली किती? दोन बोटं.

रविवारी त्यांनी तो थर ओतला. सोमवारी संध्याकाळी नखानं ठोकून पाहिला. टणक. मंगळवारी फोटो काढून आपल्या छंदवाल्या ग्रुपवर टाकला.

तो फोटो मी पाहिलाय. त्यात धक्क्यावर अकरा माणसं आहेत.

गुरुवारी सकाळी दहा होती.

गेला होता तो हमाल. लाल मुंडासं, पाठीवर पोतं. तो उभा होता तिथं गोंदाचे दोन ठिपके राहिले होते. ओढून काढला असता तर गोंद फाटला असता. हे ठिपके गुळगुळीत होते...

जणू त्यानं स्वतःच पाय उचलले होते.

हे मी म्हणतोय. भाऊजी तेव्हा असलं काही म्हणाले नाहीत. त्यांच्या मनात एकच प्रश्न. कुणी घेतला?

घरात माणसं दोनच. ताई एका कॉलेजच्या ग्रंथालयात, साडेपाचला येते. भाऊजी सहाला. मधल्या वेळात घरात एकच माणूस असायचं.

सुमा.

सुमा दुपारी अडीचला यायची, झाडलोट आणि संध्याकाळचा स्वयंपाक करून साडेचारला जायची. घराची एक किल्ली तिच्याकडे. सहा वर्षांत चमचा इकडचा तिकडे झाला नव्हता. तीही तिथल्या जुन्या मराठा घरातलीच. पूर्वज राजाच्या घोडदळात होते म्हणे. घरात मराठी, पण दर दोन शब्दांमागे कन्नड.

भाऊजींनी लगेच विचारलं नाही. पाळत ठेवली.

वरच्या खोलीत केर तसाच होता. म्हणजे बाई वर झाडायला जात नव्हती. का जात नव्हती?

वरचं फडकं खुंटीवर नव्हतं. कुठं गेलं?

जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर एक पांढरट डाग होता. त्यांनी बोट लावून जिभेला लावलं.

खारट...

शुक्रवारी त्यांनी खोलीला कुलूप घातलं. वर चिकटपट्टी लावून तिच्यावर सही केली. संध्याकाळी पट्टी जशीच्या तशी होती. पण दाराशी उभं राहिल्यावर आतून आवाज आला.

चुळुक...

मग बराच वेळ काही नाही.

मग पुन्हा... चुळुक.

लाकडाला पाणी लागावं तसा.

भाऊजी गच्चीवर गेले. टाकी भरून वाहत नव्हती. नळ बंद होते. खाली येऊन त्यांनी ताईला विचारलं, तुला काही ऐकू आलं का. ताई म्हणाली, नाही. पण ती त्यांच्याकडे न बघता म्हणाली, आणि भाऊजींना तेही खटकलं. रेझिनच्या वासावरून ताई कुरकुर करायची. हिनंच तर काही...

रात्री जेवताना दोघं एकमेकांशी बोलली नाहीत.

शनिवारी भाऊजींनी सुट्टी घेतली आणि सुमा आल्याबरोबर तिला समोर उभं केलं. ताईही होती. आवाज चढवला नाही, पण कारखान्यात विचारतात तसं विचारलं. वर कधी गेला होतात? हमालाला हात लावलात का? फडकं कुठं आहे?

सुमा फडक्याचं नाव काढताच दचकली.

"मी काय नेलं नाही सर," ती म्हणाली. "सुम्ने, उगाच कशाला नेऊ?"

ती त्यांच्या तोंडाकडे बघतच नव्हती. सगळा वेळ तिची नजर त्यांच्या उजव्या हातावर होती.

चोराची नजर खाली असते, असं भाऊजी धरून चालले. त्यांनी तिला उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. तिनं किल्ली काढून ओट्यावर ठेवली. दारात चपला घालताना थांबली.

"आत बसतात त्यांना विचारा सर."

भाऊजींना तो उर्मटपणा वाटला.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी नऊच्या सुमारास वरच्या खोलीच्या खिडकीतून ऊन तिरपं येतं. ते बरोबर बंदरावर पडलं होतं. भाऊजी दुसरा थर ओतायच्या तयारीनं वाकले...

आणि तसेच राहिले.

हमाल पाण्यात होता.

वर नाही. आत. थराच्या अगदी तळाशी, सरळ उभा. लाल मुंडासं, पाठीवर पोतं.

गेल्या रविवारी ओतलेला थर सोमवारी काच झाला होता. मंगळवारच्या फोटोत हमाल धक्क्यावर होता. मग तो आत गेला कसा? त्यांनी भिंग घेतलं. बॅटरी मारली. वरच्या पृष्ठभागावर भोक नाही, तडा नाही, ओरखडासुद्धा नाही.

आणि आणखी एक.

तुकोजीरावांनी ती अकराही माणसं मान खाली घालून, पाण्यात बघत असलेली केली होती. हे भाऊजींच्या त्या क्षणी पहिल्यांदा लक्षात आलं. धक्क्यावरची दहा तशीच होती.

आतल्या हमालाची मान मात्र वर होती.

तो त्या दहाजणांकडे बघत होता.

भाऊजींनी ताईला हाक मारली. ताईनं भिंगातून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग भिंग खाली ठेवून म्हणाली, "म्हणजे सुमानं घेतला नव्हता."

एवढंच. पण त्या एका वाक्यानं भाऊजींचा चेहरा उतरला.

अकरा वाजता दोघं सुमाच्या घरी गेली. दोन स्टॉप पुढं, गल्लीत शेवटचं घर. सुमा अंगणात तांदूळ निवडत होती. तिनं खुर्च्या आणून ठेवल्या, पण स्वतः उंबऱ्याच्या आतच उभी राहिली.

भाऊजींनी माफी मागितली. त्यांना ते जमत नाही, पण मागितली. हमाल सापडला म्हणाले. कुठं, ते सांगितलं नाही.

"पाण्यात ना?" सुमानं विचारलं.



मग तिनं ताईकडे बघत सांगितलं. भाऊजींकडे तिनं तेव्हाही पाहिलं नाही.

बुधवारी तीन वाजता ती झाडू घेऊन वर गेली होती. दार अर्धं उघडं होतं. आत सर बसले होते. दाराकडे पाठ करून, जमिनीवर उकिडवे, बंदर पुढ्यात घेऊन. निळ्या रेघांचा शर्ट.

उजवा हात बंदरात होता.

"कोपरापर्यंत, अक्का," सुमा म्हणाली. "हौदात काय पडलं तर आपण शोधतो नोडी, बघा, तसं. आत फिरवत होते."

दोन बोटं खोल बंदर. काच झालेलं पाणी.

तिला वाटलं, सर लवकर आले. तिनं चहा टाकू का म्हणून विचारलं. सरांनी मान वळवली नाही. हात बाहेर काढला. बाही निथळत होती. मागं न बघता तो हात तिच्यापुढं धरला, तसं तिनं खुंटीवरचं फडकं दिलं. त्यांनी हात पुसला, फडकं परत दिलं, आणि पुन्हा हात आत घातला.

ती खाली आली. चहा टाकण्याआधी सहज दाराशी नजर गेली.

सरांचे बूट नव्हते. बाहेर स्कूटर नव्हती.

गॅस न पेटवताच ती दार ओढून घरी गेली. घाईत फडकं हातातच राहिलं. दुसऱ्या दिवसापासून कामाला आली, पण वर पाऊल टाकलं नाही.

"तेव्हाच का नाही सांगितलंत?" भाऊजींनी विचारलं.

"मला वाटलं तुम्हाला ठाऊक आहे सर. मी बोलू नये म्हणून तुम्ही मला चोर म्हणताय."

भाऊजी म्हणाले, त्या बुधवारी मी बेळगोळला होतो. दोन ते पाच बैठक होती, नऊजण समोर बसले होते. कारखान्यात जाताना मी नेहमी पांढरा शर्ट घालतो, निळा नाही. तुम्हाला भास झाला असेल. ते हे सगळं ताईला सांगत होते, पटवत होते.



ताई हळूच म्हणाली, "निळा शर्ट बुधवारी कपाटात ओला होता. एकच बाही. मला वाटलं, सुमानं नीट न वाळवता ठेवला."

भाऊजींनी तिच्याकडे पाहिलं. हे तू मला का बोलली नाहीस, असं त्यांनी विचारलं नाही. ती का बोलली नाही, ते त्यांना कळलं होतं. चार दिवस ते घरातल्या सगळ्यांवर संशय घेत होते. चार दिवस ताई त्यांच्यावर घेत होती.

सुमा मागच्या अंगणात गेली. दोरीवरचं एक कापड काठीनं उचलून तिनं आणलं. हातानं धरलं नाही.

ताईच्या घरचं, चौकडीचं फडकं.

"तीन वेळा गोड्या पाण्यात धुतलं," ती म्हणाली. "बुधवारपासून उन्हात आहे."

म्हैसूरचं फेब्रुवारीचं ऊन. तासाभरात चादर वाळते.

फडक्यातून पाणी ठिबकत होतं... टप... टप...

भाऊजींनी बोट लावलं. मग ते बोट नाकाशी नेलं. त्यांनी सांगितलं नसतं तरी ताईला तो वास खुर्चीत बसल्या जागी आला होता. समुद्राचा. जिथून समुद्र जवळजवळ दीडशे किलोमीटरवर आहे, तिथं.

त्यानंतरचं थोडक्यात सांगतो.

भाऊजींनी संध्याकाळी येलवालला फोन केला. शकुंतलाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. पाणी घातलंत का, एवढंच विचारलं. हो म्हटल्यावर फोन बंद झाला. पुन्हा लागला नाही.

बंदर अजून वरच्या खोलीतच आहे. भाऊजींना ते फोडवत नाही. आत माणूस आहे, म्हणतात. बाहेर नेऊन ठेवायचंही धाडस होत नाही. खोली बंद असते. गाड्या त्या दिवसापासून थांबलेल्या आहेत.

सुमा कामावर परत आली नाही. पण ताईशी बोलते. सणावाराला फोन करते.

दिवाळीत ताईनं तिला न राहवून विचारलं, ते फडकं काय केलंस?

दोरीवरच आहे, सुमा म्हणाली. काढायला कुणी हात लावत नाही.

वाळलं का?

सुमा म्हणाली, "नाही अक्का."

ताईनं हे भाऊजींना सांगितलेलं नाही. मला सांगितलं.

डिसेंबरात मी त्यांच्याकडे आठवडाभर राहून आलो. भाऊजी तसेच आहेत. मिठाची बरणी, वर्तमानपत्राच्या घड्या, सगळं जागच्या जागी लागतं. रोज आग्रह करून वाढायचे. चांगले आहेत हो.

पण एवढं खरं... वाढायला त्यांनी उजवा हात पुढं केला की मी ताटाकडे बघायचो नाही.

आधी बाही बघायचो.