नाझमीनचे दहा पिक्चर

मुलांनो, एक पडवी डोळ्यांसमोर आणा. मे महिन्यातली दुपार, चार वाजायला आलेले. कठड्यावर सुपात आमसुलं वाळत घातलेली, खाली चटया, चटयांवर सात-आठ मुलं. समोर खुर्चीत मी, छत्तीस वर्षं तुमच्यासारख्यांना शिकवून निवृत्त झालेली सुशीलाबाई. डावीकडे माडांमधून खाडी दिसते. ओहोटी लागली की चिखलाचा वास थेट पडवीपर्यंत येतो. तो वासही आणा. आणलात? मग ऐका.

आमची वाडी मालवणपासून एस्टीने अर्ध्या तासावर. इथली शाळा पट नाही म्हणून बंद झाली, पण सुट्टीत मुलं येतात, आणि त्यांना रोज तासभर माझ्या पडवीत पाठवायची आयांना सवय झाली आहे. मी त्यांना गोष्ट सांगायला शिकवते. नियम साधा. तीन मिनिटं. गोष्टीतल्या माणसाला काय हवंय, त्याला कोण अडवतंय आणि शेवटी काय झालं, एवढं त्यात आलं पाहिजे. समोर घड्याळ असतं.

यंदा मी म्हटलं, प्रत्येकाने आपल्या आवडीच्या दहा गोष्टी निवडा आणि रोज एक सांगा, दहापासून खाली एकपर्यंत. मुंबईहून आलेल्या अनिशने क्रिकेटच्या मॅचेस निवडल्या. दिव्याने मासे निवडले. नाझमीन म्हणाली, "मी पिक्चर सांगतंय. मारामारीचे आणि छातीत धडधडणारे."

नाझमीन आमच्या इद्रीसभाईंची नात. इद्रीसभाई जन्मभर बोटीवर होते, आता घरी असतात. ही बांद्याची, दहा वर्षांची, सुट्टीपुरती आलेली. हडकुळी, आणि बोलताना एका पायावर उभी राहणारी.

पहिल्या दिवशी तिने दहावा नंबर सांगितला.

"नाव काय पिक्चराचं?" मी विचारलं.

"नाव माका नाय ठाऊक. ट्रकवालो पिक्चर."

"नाव माहीत नाही आणि म्हणे आवडता," अनिश हसला.

"तुझ्या काकाचा खरा नाव काय रे?" नाझमीनने विचारलं. "भाऊकाका, भाऊकाका करतंस. तरी ओळखतंस मां?"

अनिशला खरं नाव आठवेना. सगळी खिदळली.

ट्रकवाला पिक्चर तिने फार छान सांगितला. घाटात ब्रेक गेलेला ट्रक, वळणावर लग्नाची गाडी, ड्रायव्हरच्या कपाळावरून ओघळणारा घाम. दोन मिनिटं पन्नास सेकंद. नववा पिक्चर लिफ्टमधल्या बॉम्बचा होता. दिव्याने डोळ्यांवर हात धरले आणि बोटांच्या फटीतून नाझमीनकडेच बघत राहिली. इतक्या वर्षांत अशी सांगणारी पोर मला दोनदाच भेटली. दुसरी कोण, ते पुढे येईलच.

आठवा पिक्चर जळत्या हॉटेलाचा. हिरो खाली रस्त्यावर उभा. वर धूर. तो ओरडून विचारतो, वर कोणी आहे का?

"मगे वरच्या खिडकीतसून एका बाईचो आवाज येता," नाझमीन म्हणाली. "'कोण नाय.' मगे हिरो जाता."

"आणि?"

"संपलो."

"अगो, शेवट सांगूक होयो," मी म्हटलं.

"ह्योच शेवट, बाई."

मुलांना तो आवडला नाही. मीही म्हटलं, असेल एखादा पिक्चर असा.

सातवा बुडत्या बोटीचा होता. अधिकारी जिन्यावरून खाली हाक मारतो आणि खालून उत्तर येतं, कोण नाय. सहावा कोळशाच्या खाणीतला. पुन्हा तेच दोन शब्द. नाझमीन ते ओरडून म्हणत नसे. जरा घाईत, मान अर्धी वळवून म्हणायची. हातातलं काम टाकून कोणाला तरी वाटेला लावावं, तसं.

"गो, ती बाई सगळ्याच पिक्चरांत आसा?" दिव्याने विचारलं.

"होय. तीच ती."

"हिरॉईन?"

"नाय. ती दिसणा नाय. नुसतो आवाज."

त्या संध्याकाळी इद्रीसभाई तिला न्यायला आले तेव्हा मी म्हटलं, "तुमच्या नातीला पिक्चरांचा फार नाद हो."

"हिका?" ते हसले. "बांद्याक त्यांच्या घरात टीव्हीच नाय, बाई. हय माझ्या मोबाइलार कार्टून बघता, तापण बॅटरी संपासर."

नाझमीन पायरीवर बसून चपलेचा पट्टा लावत होती. तिने वर पाहिलं नाही.

पाचव्या पिक्चरच्या दिवशी वारा अगदी पडला होता.

"शाळेत घडता," नाझमीनने सुरुवात केली. "खिडक्यांक गोणपाटां लावलेली. भायर उन्ह, आत काळोख. पोरां जमनीर बसलीसत. फुडे टीव्ही."

"हिरो कोण?" अनिशने विचारलं.

"हिरो नाय. सगळी पिक्चर बघतत."

"पिक्चरमध्ये पिक्चर? काहीही सांगतेस."

"टीव्हीत बॉम्ब आसा. तेच्यार आकडे उलटे पळतत. आणि भायरसून कोणतरी कुकारो घालता."

मी घड्याळाकडे न बघता म्हटलं, "तीन मिनिटं झाली."

घड्याळात एकच मिनिट झालं होतं. मुलांनी ते पाहिलं. छत्तीस वर्षांत मी एकाही मुलाला मध्येच तोडलं नव्हतं.

आता तुम्हाला एक जुनी गोष्ट सांगायला हवी. ती मी त्या दिवसापर्यंत कोणालाच खरी सांगितलेली नव्हती.

खाडीवर तेव्हा पूल नव्हता. महादू तारी त्याच्या होडीतून, तिला आम्ही 'तर' म्हणतो, माणसांना या काठावरून त्या काठावर न्यायचा. त्याचं घर पलीकडे. ओहोटी लागली की खाडीत पाणी थोडाच वेळ राहायचं. म्हणून शेवटच्या फेरीआधी तो पलीकडून कुकारा घालायचा, लांबवर ऐकू जाईल अशी हाक. अलीकडे जो कोणी जवळ असेल त्याने ओरडून माणसं किती ते सांगायचं. दोन, चार, जी असतील ती. कोणीच नसेल तर 'कोण नाय' म्हणायचं, म्हणजे तो बिचारा उगाच वल्हं मारत येत नसे. अनोळखी माणूससुद्धा हे उत्तर द्यायचा. त्यात खोटं बोलायचं कोणाच्या मनातही येत नसे.

१९९४ सालचा एक शनिवार. शाळा खाडीच्या काठालाच होती. सकाळची शाळा सुटल्यावर मी मुलांसाठी कुडाळहून व्हीसीआर आणवला होता. मारामारीचा पिक्चर. दीपिका नावाची अकरा वर्षांची मुलगी पलीकडून यायची. तिला पिक्चरचं वेड. एक पिक्चर बघितला की आठवडाभर वर्गाला तो पुन्हा दाखवायची, एकटी, सगळ्यांचे आवाज काढून. त्या दिवशी पलीकडची तीच एक होती.

कुकारा आला तेव्हा पिक्चरमध्ये बॉम्बचे आकडे पळत होते. दीपिका अर्धी उठली आणि पडद्याकडे बघत तशीच थांबली. तिला पाठवायला हवं होतं. पण दार उघडलं असतं तर उजेड आला असता, मुलांनी गलका केला असता आणि शेवट निघून गेला असता. मुलांचा नव्हे. माझा. मलाही तो बघायचा होता.

मी मान अर्धी वळवली, गोणपाटाचा कोपरा उचलला आणि ओरडले, "कोण नाय."

म्हटलं, नंतर एस्टीने लांबच्या वाटेने मी स्वतः पोचवीन तिला.

पिक्चर संपला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी कॅसेट मागे गुंडाळत बसले, ती तशी परत द्यायची असते. वळून पाहिलं तर दीपिका नव्हती. होडी गेली असं समजून ती खाजणातून, चिखलातून, चालत निघाली होती. भरती परत येईतो पोचू असं तिला वाटलं असावं. दुसऱ्या दिवशी ती कांदळांच्या मुळांत सापडली.

लोक महादूकडे गेले. तो म्हणाला, "मी कुकारो घातलंय. बायल माणसाचा उत्तर इला, कोण नाय." लोक माझ्याकडे आले. मी म्हटलं, कुकारा ऐकूच आला नाही.

शिक्षिका खोटं बोलत नाही. सगळ्यांना पटलं. पिक्चरमध्ये रमलेल्या मुलांना कोणी विचारलंही नाही. महादू माडी पिऊन झोपला असेल, असं ठरलं. गावाने त्याच्याकडून होडी काढून घेतली. आजही नव्या सुनांना तो घाटावर बसलेला दाखवतात आणि हळू आवाजात सांगतात, पोरीला सोडून गेला तो हाच. तो चाचपत जाळी दुरुस्त करतो. आता ऐंशीच्या पुढे गेलाय. एकतीस वर्षं मी त्या वाटेने जाते आणि तो उठून उभा राहतो, शाळेच्या बाई म्हणून.

तर पाचव्या पिक्चरनंतर मी मुलांना पाढे घातले. दुसऱ्या दिवशी शुद्धलेखन. तिसऱ्या दिवशी कविता पाठ करायला दिली. मुलं कुरकुरली. नाझमीनने जाताना माझ्या हातात वहीचा एक कागद ठेवला. राहिलेल्या नंबरांची यादी, पेन्सिलीने लिहिलेली.

चार – खाडीतली तर.

तीन – चिखल.

दोन – बाई म्हणतत ऐकू नाय इला.

एकच्या पुढे जागा कोरी होती.

"ह्या खंय बघलंस गो?" मी विचारलं.

"सगळ्यांबरोबर बसान," ती म्हणाली. "एक नंबर उद्या."

दुसऱ्या दिवशी तासाला कोणी येऊ नये असं मला वाटत होतं. दार लावून आत पडून राहावं असंही वाटलं. चार वाजता मुलं आली. त्यांच्या मागून, नाझमीनच्या खांद्यावर एक हात आणि काठीवर दुसरा ठेवून, महादू आला.

"ह्या चेडवान बोलावल्यान," तो म्हणाला. "पिक्चर सांगतत म्हणता. माका खंय दिसता आता पिक्चर. म्हटलां, ऐकू तरी."

मी त्याला खुर्ची दिली. तो बसेना. पायरीवरच टेकला. मुलं चटयांवर बसली.

नाझमीन आज उभी राहिली नाही. चटईच्या कडेला मांडी घालून बसली.

"एक नंबरचो पिक्चर माका अर्धोच ठाऊक आसा," ती म्हणाली. "बाकीचो बाईंका ठाऊक. बाई सांगतले."

मी घड्याळ उलटं करून ठेवलं.

मग सांगितलं. गोणपाटं सांगितली, आकडे सांगितले, महादूचा कुकारा सांगितला. त्या बाईला काय हवं होतं तेही सांगितलं. पिक्चरचा शेवट. तिला कोणीच अडवलं नव्हतं, हेसुद्धा. उत्तर कोणी दिलं ते सांगितलं, आणि नंतर ती बाई लोकांशी काय बोलली तेही.

दिव्या रडायला लागली. का, ते तिला कळत नसावं.

महादू खाडीकडे तोंड करून बसला होता. मी म्हटलं, "महादू, उद्या मी देवळात सगळ्यांसमोर सांगतंय. शपथेवर."

त्याने मान हलवली. हो म्हणून की नको म्हणून, ते कळलं नाही.

"माझी बायल मरासर म्हणी, तुम्ही पिवन होतास," तो म्हणाला. "मगे मगे माकाच वाटाक लागला. खरोच आवाज इल्लो की माझ्याच डोक्यात होतो."

"इल्लो. माझोच होतो."

"तसा नको, बाये." त्याने काठी पायरीवर टेकवली आणि माझ्याकडे वळला. त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदूचा सारा पडल्यामुळे तो माझ्या जरा बाजूला बघत होता. "एकदा म्हणा. त्या दिवशी म्हटलास तसाच. माका ऐकाचा आसा. एकदाच."



ते दोन शब्द मी एकतीस वर्षं उच्चारले नव्हते. दारात पाहुण्याने घरात कोण आहे विचारलं तरी मी ते टाळायची.

पण त्याने मागितलं ते द्यायलाच हवं होतं. मी श्वास घेतला. मान आपोआप अर्धी वळली.

तेव्हा नाझमीन गुडघ्यांवर उठली. चटईवर तिच्या शेजारी कोणी बसलेलं नव्हतं. तिने तिकडे तोंड केलं, दोन्ही हात वर नेले, स्वतःच्या डोक्याहून थोडे उंच, अकरा वर्षांची पोर अर्धी उठली की तिचं डोकं येईल तिथे, आणि एखाद्याचे दोन्ही कान गच्च झाकावेत तसे तळवे हवेत समोरासमोर धरले. नीट धरलेत ना, हे तिने एकदा पाहिलं.

मग माझ्याकडे बघून मान हलवली. आता म्हणा.