घड्याळाखालचं मनगट

"घड्याळ काढणार नाही म्हणजे नाही!"

ताईंनी उजवा हात पांघरुणाखाली ओढून घेतला. छातीतली कळ पुन्हा उठू पाहत होती, पण त्यांना धाक होता तो वेगळ्याच गोष्टीचा. सिस्टरने कमरेवर हात ठेवले.

"आजी, मनगटाच्या नाडीतून बारीक नळी घालायची आहे. तिथून थेट हृदयापर्यंत रस्ता आहे. मांडीतून केलं तर तासन्‌तास पाय न हलवता पडून राहावं लागेल."

"आजी कुणाला म्हणतेस गं? आणि रस्ताच हवा असेल तर डाव्या हातात नाही का?"

"आमचे सर आधी उजवाच बघतात."

सर! या सरांना दात घासायला ताईंनीच शिकवलं होतं, हे त्या बिचारीला कुठून ठाऊक असणार... आई गेली तेव्हा हा धाकटा भाऊ चार वर्षांचा आणि ताई सोळाच्या. तेव्हापासून त्या शिवणाच्या दुकानात बसल्या त्या बसल्याच. हाताने काजं करावीत तर ताईंनी! आलेली स्थळं त्यांनी एकेक करून परत पाठवली. कारण दरवेळी एकच, भावाची इयत्ता.

आणि मग बावीस वर्षांपूर्वीची ती दुपार. डॉक्टरकीची शेवटची परीक्षा आठ दिवसांवर, आणि हे चिरंजीव सांगत आले, लग्न ठरवलंय म्हणून. "आधी परीक्षा, मग लग्न," ताई म्हणाल्या. एवढंच! पण तो भडकला. "तुझं झालं नाही म्हणून माझंही होऊ नये, असंच ना?" असं म्हणून त्याने काचेचं दार धाडकन आपटलं आणि जिना उतरून गेला. दार अडवायला पुढे आलेला ताईंचा हात त्या काचेतून आरपार गेला, हे त्याने मागे वळून पाहिलंच नाही.

मनगटाची नस बांधावी लागली. अंगठा आणि पहिलं बोट कायमची बधिर झाली. खालच्या शेजारणीला ताईंनी शपथ घातली, "त्याची परीक्षा होईपर्यंत अवाक्षर नाही!" लग्नालाही त्या गेल्या नाहीत, हात गळ्यात बांधलेला, कुठे लपवणार? बहीण रुसली, असा त्याने अर्थ लावला. ताईंची काजं सुटली, दुकानात कपड्यांच्या घड्या घालायचं काम उरलं. पुढे तो दोनदा दारापर्यंत आला होता. दोन्ही वेळा ताईंनी आतूनच सांगितलं, "सवड नाही."

खरं सांगायचं तर त्या मौनात पहिलं वर्षभर माया होती. पुढची एकवीस वर्षं नुसती ऐट होती.

आज दुकानातच छातीत कळ आली. मालकीणबाईंनी गाडीत घालून आणलं ते नेमकं याच इस्पितळात!

तो आला. केस पांढरे झाले होते. तू म्हणावं की तुम्ही, हे न ठरल्यामुळे त्याने दोन्ही गिळलं.

"कळ कधीपासून?"

"सकाळपासून."

"हात." मग हळूच, "घड्याळ..."

ताईंनी रुंद पट्ट्याचं घड्याळ काढून दिलं. खाली पांढरा, वेडावाकडा व्रण. त्याची बोटं नाडी शोधू लागली. एकदा, दोनदा... नाडी लागेना! त्याने करंगळीच्या बाजूची नस दाबून मूठ उघडायला लावली. तळवा कागदासारखा पांढरा पडला आणि पांढराच राहिला.

"अंगठ्याकडची नस बांधलेली आहे. कधी झालं हे?"

"जुनी गोष्ट आहे."

"कशानं?"

"काचेनं."

"कुठली काच?"

सिस्टर एकदा सरांकडे, एकदा ताईंकडे बघत राहिली.

"आपल्या दाराची," ताई म्हणाल्या.

हजारो मनगटं तपासलेल्या त्या माणसाने व्रणावरून एकदा बोट फिरवलं.

"मी वळूनसुद्धा बघितलं नाही, ताई..."

"बघितलं असतंस तर परीक्षा बुडाली असती."

"बुडू द्यायची होती! आणि नंतर? नंतर का नाही सांगितलंस? मी पाय धरले असते, रडलो असतो... तेवढीही मुभा तू मला दिली नाहीस गं!"

आपण एकटीनेच सोसलं, असं ताई आजवर मानत आल्या होत्या. पोरालाही आपण बहिणीवाचून ठेवलं, हे त्यांनी कधी मोजलंच नव्हतं.

धाकट्या डॉक्टरीणबाईंना त्याने सांगितलं, "हे तुम्ही करा. डाव्या हातातून. माझ्या हातांचा आज भरवसा नाही." आणि आतल्या खोलीत, डाव्या मनगटातून नळी हृदयापर्यंत जाऊन बंद पडलेली वाट उघडेपर्यंत, तो उजव्या बाजूला ते बिननाडीचं मनगट धरून उभा राहिला.

संध्याकाळी ताईंच्या डाव्या मनगटावर, रक्त थांबवायला, हवा भरलेला पारदर्शक पट्टा होता. त्यातली हवा थोडी थोडी कमी करायची, हे काम खरं सिस्टरचं. पण सर स्वतःच स्टूल ओढून बसले. डावा हात हलवायचा नाही आणि उजव्याने कप पेलवत नाही, म्हणून चहाही त्यानेच पाजला.

"बाहीचं बटण लोंबतंय तुझं," ताई म्हणाल्या. "बायकोला दिसत नाही वाटतं?"

"बाहेरच बसलीय ती. बोलावू?"

"आधी बटण लाव. पहिल्यांदाच भेटायची ती मला, माझा भाऊ असं ध्यान नको दिसायला."

सिस्टरने पर्समधून सुई-दोरा काढून दिला. त्याने कोट उतरवून मांडीवर घेतला.

"दुहेरी दोरा घे. घट्ट ओढू नकोस... हां. आता सुई आत घाल आणि गाठ आतल्या अंगाला मार. वरून दिसता कामा नये."

तो थांबला.

"नको, ताई. या वेळी दिसू दे."

त्याने गाठ वरच मारली, जाडजूड आणि वाकडी. उभ्या जन्मात एक टाका तिरका खपवून न घेतलेल्या ताई त्या गाठीवरून आपला बधिर अंगठा फिरवत राहिल्या... त्यांना काही जाणवत नव्हतं, आणि डोळ्यांना धार लागली होती.

"बोलाव तिला," त्या म्हणाल्या. "आणि माझं घड्याळ राहू दे तिकडेच."