खांबावरच्या मुंग्या

"आज पाचच्या आत कारण सापडलं नाही, तर खांब जाईल," मल्लखांब शिकवणारे शुभम सर म्हणाले.

तुडीलच्या व्यायामशाळेत मधोमध तो मल्लखांब उभा होता. चवदार तळ्याच्या सत्याग्रहाचं शताब्दी वर्ष म्हणून सरकारनं गावच्या मुलींसाठी दिलेला. रविवारी महाडच्या सोहळ्यात मुली कसरती दाखवणार होत्या, आणि काल संध्याकाळी साक्षी खांबावरून घसरली. मनगट मुरगळण्यावर निभावलं. पण क्रीडा अधिकारी सारिका मॅडमनी कळवलं होतं: मुली सुरक्षित नसतील, तर खांब दुसऱ्या गावाला.

खासगी तपासनीस बुद्धरत्न खांबाभोवती फेऱ्या मारत होता. त्याची बहीण शर्मिला निशूला कडेवर घट्ट धरून उभी होती. नोंदी ठेवणं तिचं काम. पण निम्मं लक्ष कायम लेकीच्या हातापायांत.

"तेल कुणी लावलं?"

"मीच, परवा. एरंडेल. स्टुलावर चढून, टोकापासून बुंध्यापर्यंत. बाटली कपाटात, कपाटाची किल्ली माझ्या खिशात."

"आणि दाराची?"

"माझ्याकडे, महिपतीदादांकडे, नि झाडलोट करणाऱ्या ठकूबाईंकडे."

"दादा, तुझ्या छातीपर्यंतच चकचकतोय बघ," शर्मिला म्हणाली. "वर मंद आहे. सरांनी वर कमी लावलं असेल."

"लिहून ठेव."

लिहायला म्हणून तिनं निशूला मिनिटभर खाली ठेवलं, तेवढ्यात किंकाळी. निशूच्या पायाला लाल मुंगी. मुंग्यांची रांगच खांबावर चढत होती.

"तरी मी हिला खाली सोडत नाही!" शर्मिलाचे डोळे भरले.

दाराच्या चौकटीखालून वाकून महिपती आत आला. कबड्डी संघाचा कर्ता माणूस.

"आम्ही मॅट मागितलेली. आला हा ओंडका. राग हाय, खोटं कशाला बोलू? पण माझीच पोरगी त्याच्यावर चढते रे!"

मागोमाग कमरेत वाकलेली ठकूबाई.

"रडू नको गो बाय." पिशवीतली चपटी बाटली काढून तिनं निशूच्या पायाला तेल चोळलं.

"साक्षी कशी घसरली, आजी?"

"मला काय म्हाईत? मी झाडते नि जाते." ती जमिनीकडेच बघत होती.

ती गेली, आणि थोड्याच वेळात शर्मिला पुन्हा ओरडली. मुंग्या निशूच्या त्याच पायाकडे वळल्या होत्या.

बुद्धरत्न प्रथमच हसला. "निशूनं कोडं सोडवलं बघ. सगळ्यांना बोलाव."

पावणेपाचला सारिका मॅडमही आल्या.

"एरंडेल चिकट असतं," बुद्धरत्न म्हणाला. "त्यावर अंग सोलवटत नाही, पकडही सुटत नाही आणि मुंग्या फिरकत नाहीत. या खांबावर मुंग्यांची रांग आहे, म्हणजे एरंडेलावर कुणीतरी निसरडं खोबरेल चोळलं. सरांचं कपाट बंद होतं, तेव्हा तेल घरून आणलेलं."

सगळ्यांची नजर महिपतीकडे गेली.

"नाही. पाडायचं असतं, तर वर लावलं असतं, पडल्यावर हाड मोडेल तिथं. हे फक्त हात पोचला तिथवर आहे. महिपतीदादा दारातून वाकून येतात. त्यांचा हात छातीएवढ्यावर थांबेल? तिसरी किल्ली ठकूबाईंची. त्यांनी निशूला लावलं, त्या तेलालाही मुंग्या आल्या."

ठकूबाईनं पदर तोंडाशी धरला.

"मीच लावलं. ल्हानपणी आंब्यावर चढले, तर बापानं फोकानं मारलंन. आता पोरी चढतात नि लोक टाळ्या वाजवतात. खांब कोरडा दिसला. म्हटलं, नातीच्या डोईला लावते तेच लावावं. पोर पडली नि माझी जीभच उचलली नाय. बोलले असते तर खांब नेला असतात तुम्ही."

सारिका मॅडमनी खांबाच्या चकचकीत भागावरून बोट फिरवलं. "खांब इथंच राहील," त्या म्हणाल्या. "मात्र तेलावर कुणाचं तरी लक्ष हवं."

शुभम सरांनी कपाट उघडलं आणि एरंडेलाची बाटली म्हातारीच्या हातात दिली.

"आजी, रोज तुम्हीच लावायचं. वरपर्यंत. स्टूल मी धरतो."

महिपतीनं फडकं घेतलं आणि खांब घासून पुसायला लागला.

निशू कडेवरून चुळबुळली. शर्मिलानं आधी जमीन निरखली, मग तिला खाली सोडलं. पोरीनं दोन्ही हातांनी खांब कवटाळला नि एक पाय वर उचलला.

शर्मिलाचे हात पुढे झाले. पण तिनं तिला धरलं नाही.