पोळ्याच्या संध्याकाळची क्लिप

नारायणगावच्या पेठेतल्या लालचंद कापडवाल्यांची हर्षा ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवायची. पण पंचक्रोशीत तिचं नाव झालं होतं ते दुसऱ्याच कारणानं. मोबाईलवर आलेली आभाळाची क्लिप खरी की बनावट, हे ती बघून सांगायची.

सुरुवात मंगळापासून झाली. दर पावसाळ्यात कुठून तरी निरोप फिरत यायचा, की ऑगस्टच्या अखेरीस मंगळ चंद्राएवढा दिसणार, आभाळात दोन चंद्र उगवणार. आधी तो ईमेलवर यायचा. मग चायनाचे मोबाईल आले, ब्लूटूथ आलं आणि निरोपाच्या क्लिपा झाल्या. उत्तर ध्रुवावरचा म्हणून एक अवाढव्य चंद्र आला, जमिनीला शेपूट टेकवणारा धूमकेतू आला, सूर्यापुढून चालत जाणारा मारुतीसुद्धा आला. कापड घ्यायला आलेली माणसं गादीवर बसून मोबाईल पुढं करायची आणि लालचंद आत हाक मारायचे, "हर्षा, आणखी एक आभाळ आलं गं!"

ती क्लिप कॉम्प्युटरवर घ्यायची आणि चित्र थांबवत थांबवत दाखवायची. "हे बघा काका, सूर्य डावीकडं, आणि चंद्राची उजळलेली बाजू उजवीकडं. असं होईल का? आता हा ढग लक्षात ठेवा. बघा, परत आला. तोच ढग, तेच टोक." माणसं हसायची, मान डोलवायची आणि जराशी हिरमुसायचीही. खोट सापडली की हर्षाला आनंद व्हायचा. पण त्याच्या मागोमाग तिच्याही मनात काहीतरी विझल्यासारखं व्हायचं.

२००९ साली, तिकडं भाद्रपदात असतो तो बैलपोळा होऊन चार-दोन दिवस झाले असतील, डिंगोऱ्याचे हौशीराम दुकानात आले. सोबत त्यांचा मुलगा अमृत. बाप गादीवर टेकला, मुलगा पायरीवरच उभा राहिला.

"बाई, आमच्या पोराचं लगीन मोडायला आलंय," हौशीराम म्हणाले. "खोडदच्या गेणभाऊंची अंजना ठरवली व्हती. ह्यानं मोबाईलवर कायतरी केलं आन् सगळ्या गावाला धाडलं. आता गेणभाऊ म्हणत्यात, असल्या थापाड्याला पोरगी देणार न्हाई."

"मी काय केलं न्हाई," अमृत म्हणाला. "दिसलं ते घेतलं."

"बघा. हेच लावून धरलंय. तुमी फक्त खोटं कसं केलं ते दावून द्या. मग हा कबूल करंल, आमी हात जोडू, पोराची मस्करी म्हणून मिटवू."

हर्षानं क्लिप लावली.

पोळ्याची संध्याकाळ. विहिरीचं पाणी पडतं त्या थारोळ्यापाशी सजवलेली बैलजोडी, शिंगांना हिंगूळ, कपाळावर गोंडे. मागं कापलेली बाजरी आणि त्यापलीकडं बोडकी टेकडी. सूर्य मावळलेला असावा, कारण सगळं करडं होतं. मग टेकडीची कड उजळली. तिच्यामागून फिकट राखाडी, मोत्यासारख्या रंगाचं काहीतरी वर येऊ लागलं. त्याचा वरचा काठ टेकडीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कमानीसारखा पसरला होता. बैलांनी तिकडं तोंडं वळवली. मोबाईल हलला आणि क्लिप संपली.

हर्षा हसली. "अमृत, पोळा कधी असतो?"

"आवसंला."

"मग अमावास्येला चंद्र कुठून उगवला?"

"मॅडम," अमृत शांतपणे म्हणाला, "तो चंद्र हाय असं मी कुठं म्हणलं?"

हर्षानं क्लिपकडं पुन्हा एकदा पाहिलं. "हे बघ, एवढं मोठं काही पृथ्वीच्या एवढ्या जवळ आलं, तर ते नुसतं दिसून थांबणार नाही. समुद्र किनारे सोडेल. तुझ्या विहिरीतलं पाणी जागेवर राहणार नाही. काही झालं का तसं?"

"पाण्याकडं ध्यानच नव्हतं," अमृत म्हणाला.

त्याच्या मोबाईलमधली मूळ क्लिप तिनं उतरवून घेतली आणि तीन-चार दिवस तिच्यामागं लागली. चित्र मोठं केलं, की वरून चिकटवलेल्या भागाच्या कडा वेगळ्या फुटतात. इथं टेकडीच्या कडा आणि त्या गोळ्याच्या कडा सारख्याच फुटत होत्या. गोळा वर सरकेल तशी बैलांच्या कपाळावरच्या गोंड्यांची सावली खाली सरकत होती. थारोळ्यातल्या पाण्यात उजेड हलत होता. चंद्राचा फोटो वापरला असता तर त्यावरचे डाग तिनं झोपेतही ओळखले असते. ह्यावर डाग होते, पण ते चंद्राचे नव्हते. आणि क्लिपच्या शेवटी ते सुरुवातीपेक्षा किंचित बाजूला सरकलेले होते.

तो गोळा स्वतःभोवती फिरत होता.

असलं काम करायला मोठा स्टुडिओ लागला असता. अमृतकडं कॉम्प्युटरही नव्हता.

तिनं हौशीरामांना फोन केला. "मला अजून खोट सापडली नाही."

"मग जागंवर या, बाई. जागा बघितली म्हंजी सापडंल," हौशीराम म्हणाले. त्यांच्या आवाजात काकुळत होती. "दसऱ्याच्या आदल्या दिशी गेणभाऊंनाबी बोलावतो. दोन्ही घरांसमोर काय ते होऊन जाऊ द्या."

हर्षालाही ते पटलं. टेकडी किती लांब, विहीर किती उंचावर, हे प्रत्यक्ष पाहिलं की क्लिपमधलं काहीतरी चुकलेलं निघेलच, अशी तिची खात्री होती. घर जैनांचं, चातुर्मास चालू होता. घरी सगळ्यांचं जेवण सूर्यास्ताच्या आत. आईनं, भंवरीबाईंनी, तिला दुपारीच पानावर बसवलं. "परत येईपर्यंत अंधार होईल. आता पोटभर खाऊन घे, नंतर पाणीसुद्धा नाही," ती म्हणाली.

ओतूर मागं पडलं तशी हवा गार झाली. डिंगोऱ्यात हौशीरामांच्या शेतात बांधावर घोंगडी अंथरली होती. हौशीरामांची बायको कुशाबाई चहाची किटली घेऊन बसली होती. गेणभाऊ बांधाच्या टोकाला, पागोटं मांडीवर ठेवून, पाठ फिरवून बसले होते. अंजना बापाजवळ उभी होती. अमृतकडं बघायचं नाही असं तिनं ठरवलेलं दिसत होतं, आणि ते तिला जमत नव्हतं.

"आमच्या शिवारात आभाळ ऐकायच्या दुर्बिणीच्या तबकड्या हायेत, मॅडम," गेणभाऊ म्हणाले. "माझ्या बांधाला लागून हाय एक. एवढं मोठं धूड आलं असतं तर त्यांला कळलं नसतं व्हय? मी इचारून आलो. कुणाला काय ठावं न्हाई."

"बरोबर आहे तुमचं," हर्षा म्हणाली, आणि तिला बरं वाटलं.

तिनं मोजमापं घेतली. थारोळ्यापासून पूर्वेची टेकडी, टेकडीचा चढ, विहिरीचा कठडा. अमृत क्लिप काढताना जिथं उभा होता तिथं उभी राहिली. सगळं जुळत होतं. इंचभरसुद्धा काही इकडंतिकडं नव्हतं.

"त्या दिवसानंतर तू आलास का इथं?" तिनं अमृतला हळूच विचारलं.

"रोज येतो. काय न्हाई दिसत." मग तो म्हणाला, "मॅडम, खोटं म्हणून सांगा. माझं कायबी होऊ द्या. पण मला कबूल करायला सांगू नका."

पश्चिमेला, माळशेजच्या बाजूला सूर्य बुडाला. दक्षिणेला अर्ध्याहून थोडा मोठा चंद्र वर आलेला होता, नवमीला जिथं असायला हवा तिथंच. हर्षानं त्याच्याकडं जुन्या ओळखीच्या माणसाकडं पाहावं तसं पाहिलं. आता काय बोलायचं, ते मनात जुळवू लागली.

सूर्यास्त तिच्या अंगात भिनलेला होता. लहानपणापासून ताट त्या उजेडाशी बांधलेलं. सूर्य गेल्यावर उजेड कसा ओसरतो, आधी अंगणातून, मग भिंतीवरून, मग माणसांच्या तोंडावरून, हे तिला घड्याळाशिवाय कळायचं.

आज तो ओसरत नव्हता.

तिला आधी वाटलं, पश्चिमेला ढगांवर संध्याकाळ अडकली असेल. तिनं वळून पाहिलं. पश्चिम काळवंडत चालली होती.

कुशाबाईंनी कप खाली ठेवला. कपाची सावली घोंगडीवर पडली होती, आणि ती पश्चिमेकडं लांब होत होती.

गोठ्यातले बैल दाव्याला ताण देऊन वळले. रातकिडे एकाएकी थांबले. कुठंतरी लांब चालू असलेली पाण्याची मोटार तेवढी ऐकू येत होती. मग तीही ऐकू येईना.

"अगं बया," कुशाबाई म्हणाल्या. पण त्या टेकडीकडं बघत नव्हत्या. त्या विहिरीकडं बघत होत्या.

हर्षा कठड्याशी गेली. पावसाळा सरत आलेला, विहीर कठड्याच्या हातभर खालपर्यंत तुडुंब होती. तिनं आत पाहिलं. पाणी तिरकं होतं.

पूर्वेच्या अंगाला ते चढलं होतं, कठड्याच्या दगडाला लागलं होतं. पश्चिमेच्या अंगाला ओली, हिरवी भिंत उघडी पडली होती. ना लाट, ना खळखळ. आरसा कलता धरावा तसं ते पाणी स्थिर, तिरकं उभं होतं, आणि त्याच्यात मोत्याचा रंग उतरला होता.

तिनं मोबाईल काढला, सुरू केला आणि मान वर केली.

टेकडी पेटल्यासारखी दिसली. पण जाळ नव्हता. टेकडीमागून काठ वर आला होता. एवढा रुंद, की तो गोल आहे हे डोळ्यांना कळायला वेळ लागला. आधी वाटलं, आभाळच तिथं उजळ आहे. मग त्या उजळपणात दऱ्या दिसल्या. लांबच लांब, एकमेकींना छेदणाऱ्या, सावलीनं भरलेल्या दऱ्या. त्या हळूहळू उजवीकडं सरकत होत्या.

भीती वाटायला हवी होती. वाटली नाही.

हर्षाच्या डोळ्यांत पाणी आलं. आयुष्यभर जी जी आभाळं तिनं पुसली होती, त्या सगळ्यांच्या जागी हे एक येऊन उभं होतं, आणि ते पुसता येत नव्हतं. सूर्य कुठं आहे, उजळलेली बाजू कुठली, सावली कुठं पडते, सगळं तिनं सवयीनं ताडून पाहिलं. सगळं बरोबर होतं.

गेणभाऊ उभे राहिले होते. पागोटं मांडीवरून खाली पडलं होतं. अंजना अमृतच्या शेजारी येऊन उभी होती. ती कधी आली, कुणी पाहिलं नाही.

कुणी बोललं नाही. कुणी हललं नाही.

अंगावरचं वजन थोडं कमी झाल्यासारखं वाटत होतं. टाचा जमिनीवर होत्या, पण नाइलाजानं असाव्यात तशा.

मग काठ खाली गेला. आला तसाच, सावकाश. टेकडी पुन्हा टेकडी झाली. विहिरीत पाणी सपाट होताना एकदाच, मोठ्या जनावरानं सुस्कारा टाकावा तसा आवाज झाला. अंधार एकदम पडला, इतका वेळ अडवून धरल्यासारखा. दक्षिणेला नवमीचा चंद्र होता तिथंच होता. तो फार लहान दिसत होता.

बऱ्याच वेळानं कुशाबाईंनी विचारलं, "मग बाई, काय म्हणायचं? खरं का खोटं?"

सगळ्यांनी तिच्याकडं पाहिलं. खोटं म्हटलं असतं तरी त्या रात्री कुणी तिला अडवलं नसतं. उलट सगळे सुटल्यासारखे घरी गेले असते.

"मला खोट सापडली नाही," हर्षा म्हणाली.

गेणभाऊंनी वाकून पागोटं उचललं, झटकलं, डोक्याला गुंडाळलं. दोन वेळा ते चुकलं. मग ते हौशीरामांना म्हणाले, "तारीख तुमीच काढा. तुळशीचं लगीन झालं की लगीच." आणि पागोट्याचं टोक खोचत, "आन् हे हितंच राहू द्या."

परतताना ओतूरच्या स्टँडवर तिनं दोघा-तिघांना सहज विचारलं. संध्याकाळी काही दिसलं का, उजेड वगैरे? कुणाला काही दिसलं नव्हतं. गाड्या चालू होत्या, झेंडूच्या फुलांचे ढीग लागले होते.

दसऱ्याच्या दिवशी दुकान तोरणानं सजलं होतं. बाहेर गिऱ्हाइकांची गर्दी होती, लालचंदांचा आवाज आतपर्यंत येत होता. हर्षानं कॉम्प्युटर लावला आणि आपलीच क्लिप उघडली. दुसऱ्या कुणी आणली असती तर जशी तपासली असती, तशीच तपासायची असं ठरवून ती बसली. कडा पाहिल्या. सावल्या पाहिल्या. दऱ्या सरकताना पाहिल्या. विहीर, टेकडी, माणसांच्या पाठी. एक चित्र झालं की पुढचं, पुढचं झालं की त्याच्या पुढचं. दुपार होत आली तरी कुठं काही चुकीचं निघालं नाही. तिच्या मनात गाभाऱ्यात असते तसली शांतता पसरली.

चित्र थांबवत बघताना आवाज येत नाही. शेवटी एकदा क्लिप सलग बघावी म्हणून तिनं स्पीकर लावला.

शेतात कुणी बोललं नव्हतं. हे तिला स्वच्छ आठवत होतं.

स्पीकरमधून माणसांचे आवाज आले. सगळे एका सुरात, हलक्या आवाजात. हौशीराम, कुशाबाई, गेणभाऊ, अमृत आणि अंजना. दूर गेलेल्या जनावराला माघारी बोलवावं तसे, न थकता, मायेनं ते हाका मारत होते. "ये... ये... ये..."

आणि त्या सगळ्यांत मोबाईलच्या अगदी जवळचा, सर्वांत स्पष्ट आवाज तिचा होता.