मारबतीचं चौकोनी पोट

"मोतीलालकाका, वही कुठी आहे?"

इलाने तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा कुठे बैलाच्या झुलीची घडी घालणाऱ्या काकांनी मान वर केली. "अवं, इथंच खिडकीत ठेवली होती. जामच्या दुकानात झेरॉक्स काढायले नेणारच होतो, पण पोळ्याच्या गडबडीत राहूनच गेलं!"

"राहून गेलं?" इलाचा आवाज चिरकला. मागे उभ्या साकेत आणि अभिरामने एकमेकांकडे पाहिलं. आता काही खरं नाही!

ती काही साधीसुधी वही नव्हती. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गावाची सगळी इडापिडा मारबतीच्या हवाली करायची आणि त्या भल्यामोठ्या बाहुलीला शिवेबाहेर नेऊन जाळायचं, अशी इकडची रीत. एकाने ओळ म्हणायची आणि अख्ख्या गावाने ओरडायचं, "घेऊन जा गे मारबत!" या ओळी चाळीस वर्षं शेजारची धुरपतामाय रचत आली होती. तिला लिहिता येत नव्हतं, म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीत इलाने त्या सगळ्या उतरवून घेतल्या. पुढे आषाढात धुरपतामायला लकवा मारला आणि तिची वाचाच गेली. आता त्या ओळी जगात फक्त त्या वहीत होत्या.

"मारबत नऊले निघते. वही मग शोधू ना," साकेत म्हणाला.

"मग नाई, आत्ताच!"

अभिराम खिडकीखाली वाकला. "काका, इथं रद्दीचा ढीग होता ना?"

"तो हिरालालनं नेला. मारबतीत भरायले."

तिघेही पाराकडे सुसाट सुटले!

पारापाशी बांबूंच्या तिरडीवर मारबत बसवली होती. पिवळं तोंड, बशीएवढे डोळे, लाल लुगडं. साकेत फिसकन हसला. "हिचं पोट चौकोनी काऊन आहे बे? पाटी गिळली का हिनं?"

इला हसली नाही. तिने लुगड्यावरून हात फिरवला. आत पुठ्ठ्याचा कडक कोपरा लागला!

"हां, होती एक जाड वही," इलाने विचारताच सुतळी आवळणारे हिरालालकाका अभिमानाने म्हणाले. "वरच लिहिलं होतं ना मोठ्या अक्षरात, 'घेऊन जा गे मारबत'! म्हटलं, चला, कोणीतरी सांगूनच ठेवलं!"

इलाने कपाळावर हात मारला. ते वहीचं नाव होतं! तिनेच स्केचपेनने नटवून लिहिलेलं!

"काका, काढून द्या ना!"

"हात नाई लावायचा! मारबतीच्या पोटातलं माघारी आणलं, तर साऱ्या गावाची इडापिडा मागं येते."

तेवढ्यात ताशा कडाडला.

"तू चक्कर आल्याचं नाटक कर, मी वही पळवतो," साकेत कुजबुजला.

"चोरून नाई आणायची. मग गावात कोणाले ताप आला तरी लोकं धुरपतामायच्या वहीलेच बोल लावतीन." इलाला धुरपतामायचं बोलणं आठवलं. 'मारबत एकट्याचं ऐकत नाई, पोरी. साऱ्या गावाचं ऐकते.' ती तडक सरपंच अन्नपूर्णाबाईंपुढे जाऊन उभी राहिली. "काकू, यंदा आरोळी मी देऊ?"

"पाठ आहे तुले?"

"नाई. रचीन!"

मिरवणूक निघाली. इलाने पहिली आरोळी ठोकली.

"ढेकूण, माशा, डास न् खाज!"

"घेऊन जा गे मारबत!"

"कपाशीवरची बोंडअळी!"

"घेऊन जा गे मारबत!"

"साकेतच्या गणिताचा भोपळा!"

गाव खदखदून हसलं आणि दुप्पट जोराने ओरडलं. शीव जवळ आली. हिरालालकाकांनी खिशातून काडेपेटी काढली. इलाने सगळा जीव गोळा केला.

"धुरपतामायचं मुकं दुखणं!"

"घेऊन जा गे मारबत!"

"धुरपतामायची गाणी तेवढी ठेवून जा गे मारबत!"

"ठेवून जा गे मारबत!" अख्खं गाव एका सुरात गरजलं, आणि मग चपापलं.

"ऐकलं ना, काका?" अभिराम ओरडला. "साऱ्या गावानं सांगितलं! वही तिच्या पोटात आहे!"

हिरालालकाका काडेपेटी हातात धरून तसेच उभे. अन्नपूर्णाबाईंना हसू आवरेना. "गावाच्याच तोंडून निघालं, हिरालाल. मारबतीनं ऐकलं, आता तूही ऐक. काढ वही!"

सुतळी तुटली, तणस निघालं आणि पाठोपाठ वही! खपाटीला गेलेलं पोट घेऊन मारबत धडधडून पेटली.

"पोरी, चूक माही होती," मोतीलालकाका खाली मान घालून म्हणाले. "उद्याच जामले नेतो."

"उद्या नाई, आजच!" साकेत म्हणाला. "अन् आम्ही संगं येतो!"

पण आधी सगळे धुरपतामायच्या अंगणात गेले. अन्नपूर्णाबाई तिच्या खाटेजवळ बसल्या. "माय, तुह्या जागेवर आज हे पोरगी उभी राह्यली. जिद्दीची आहे. अन् ओळ कशी जोडली तिनं!"

इलाने वही मायच्या मांडीवर ठेवली. मायने डाव्या हाताने पानं उलटत पहिलं कोरं पान काढलं आणि त्यावर बोट आपटलं. इलाने पेन उघडून आजची ओळ लिहिली आणि मोठ्याने वाचली, "धुरपतामायची गाणी तेवढी..."

मायचे ओठ हलले, पण आवाज फुटला नाही. मग साऱ्या अंगणानेच तिच्यासाठी आरोळी ठोकली, "ठेवून जा गे मारबत!"