एकही गाडी न येणारी वाट

"तुमच्या अमेरिकेत असा एखादा रस्ता आहे का, जिथे एकही गाडी येत नाही?"

माझे सासरे दिगंबर बाबा यांनी मॉरिसव्हिलच्या आमच्या घरी हा प्रश्न विचारला आणि मोहीम ठरली. नागपुरात सत्तराव्या वर्षीही भाजी सायकलवरून आणणारा हा माणूस. इथे आल्यावर मात्र कुणी गाडीतून नेलं तरच घराबाहेर. एकदा हट्टाने माझी सायकल काढली, तर मागच्या पिकअपने असा हॉर्न मारला की बाबा थेट गवतात! त्या दिवसापासून ते गप्प गप्प असायचे.

यशोधन, माझा नवरा, डेटाचा माणूस. त्याने एक्सेल उघडलं. देशभरातल्या अकरा वाटा, त्यांची लांबी, चढ, पाणी, मुक्काम. प्रत्येक गोष्टीला गुण आणि सर्वांत जास्त गुण 'गाडी येऊ शकत नाही' याला. पहिली आली मेरीलँडमधली जुन्या कालव्याकाठची वाट. कंबरलंड ते वॉशिंग्टन, एकशे चौऱ्याऐंशी मैल! पूर्वी या वाटेवरून खेचरं नावा ओढत नेत. "खेचरं गेली तर आपण का नाही जाणार?" बाबा म्हणाले आणि कितीतरी आठवड्यांनी हसले. त्या हसण्यासाठी मी कुठेही सायकल चालवली असती.

खाण्याचं खातं माझ्याकडे. बाबांना डायबेटीस, म्हणून सामानात गोडाचा कणसुद्धा ठेवला नाही. चिवडा, दाणे, खाकरे, तिखटमिठाच्या पुऱ्या. माझं मलाच कौतुक वाटत होतं.

पहिल्या दिवशी चिखलाने चाकं जाम झाली. दुसऱ्या दिवशी दोन पंक्चर, शिवाय एक आडवं पडलेलं झाड. त्यावरून चारही सायकली उचलून पलीकडे नेल्या. आमची दहा वर्षांची इला कुरकुरली, बाबा नाही. तिसऱ्या दिवशी ऊन पडलं. एका बाजूला पोटोमॅक नदी, दुसऱ्या बाजूला शेवाळलेला कालवा, मध्ये आमची अरुंद वाट आणि लाकडाच्या ओंडक्यांवर ओळीने ऊन खात बसलेली कासवं. बाबा सर्वांच्या पुढे होते. किती निवांत वाटत होतं!

दोनच्या सुमाराला बाबांची सायकल डगमगली. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. आणि बाबा पडले!

आम्ही धावलो. त्यांचं अंग घामाने थबथबलेलं, हात लटपटत होते.

"काही होऊन नाही राहिलं मला," ते पुटपुटले.

"बाबा, सकाळी खाल्लंत ना?"

"आज संकष्टी."

सकाळी मोटेलमध्ये "झालं माझं" म्हणाले ते बिनसाखरेच्या चहाबद्दल होतं तर! डायबेटीसची गोळी मात्र नेमाने घेतलेली. सांगितलं असतं तर आम्ही उपास मोडायला लावला असता, म्हणून सांगितलं नाही. उपाशी पोटी गोळी आणि वर वीस मैल सायकल!

"शुगर लो झालीये," यशोधनने फोन काढला. सिग्नल नाही. माझ्या फोनलाही नाही.

"गाडी कुठपर्यंत येते?"

"सहा मैल पुढे रस्ता आहे. इथे नाही येत." त्याचा आवाज चिरकला. "राधिका, मीच शोधला ना हा रस्ता!"

"जा. पळ आधी!"

तो गेला. वळणापलीकडे दिसेनासा झाला आणि मी, इला आणि बाबा उरलो. मागे, पुढे कुणीही नाही. तीन दिवस ज्या शांततेचं मी कौतुक केलं, तिचा मला भयंकर राग आला. एक गाडी हवी होती. कसलीही! तो हॉर्न मारणारा पिकअपवालासुद्धा चालला असता.

बाबा मला "सुलभा" म्हणू लागले. सुलभा म्हणजे माझ्या सासूबाई, त्या नागपुरात. मी रडायलाच लागले. इलाने सगळ्या पिशव्या उपड्या केल्या. तिखट, खारट, तिखट! एक चॉकलेट नाही, चिमूटभर साखर नाही. माझी हुशारी आता बाबांच्या जिवावर उठली होती.

मग इलाने बाबांच्या हँडलची पिशवी उघडली. आत एक स्टीलची डबी. चंद्रोदयाला दाखवायचा नैवेद्य, गूळखोबरं!

मी गुळाचा खडा बाबांच्या ओठांशी नेला. त्यांनी दात घट्ट मिटले.

"चंद्र उगवला नाही अजून."

"बाबा, देव रागावणार नाही हो! खा ना!"

मान नकारार्थी हलली. डोळे मिटायला लागले. मी हात जोडले, विनवण्या केल्या, पाया पडले. काही उपयोग नाही!

"आजोबा!" इला त्यांच्या कानाशी वाकली. "इट्स मिडनाइट इन नागपूर! द मून इज ऑलरेडी अप देअर!"

डोळे किलकिले झाले. "तिकडे उगवला?"

"केव्हाच!" मी म्हटलं. "आई जेवल्यासुद्धा."

हे मात्र मी ठोकून दिलं होतं. पण बाबांचं तोंड उघडलं. गुळाचा खडा, मग दुसरा. मी घड्याळाकडे बघत राहिले. पाच मिनिटं. दहा. पंधराव्या मिनिटाला त्यांनी मला ओळखलं आणि का रडतेस म्हणून विचारलं. मग मी लग्नानंतर पहिल्यांदा माझ्या सासऱ्यांवर ओरडले. ते खाली मान घालून चिवडा खात राहिले.

दोन तासांनी यशोधन बचाव पथकाच्या छोट्या चारचाकी गाडीतून आला. त्यांनी शुगर तपासली, काळजी मिटली. वॉशिंग्टन अजून शंभर मैलांवर होतं.

"यशू, वॉशिंग्टन राहू दे," बाबा स्वतःच म्हणाले. "मला गाडीत बसव."

रस्त्याला लागताच फोनला सिग्नल आला. नागपुरात पहाटेचे तीन वाजले होते, तरी सासूबाईंनी पहिल्या रिंगला फोन उचलला.

"आई, जाग्याच आहात? जेवलात ना?"

"कशी जेवेन गं? ह्यांचा चंद्र कुठे उगवलाय अजून! ते जेवले की मी जेवेन."

मी फोन स्पीकरवर ठेवला होता. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर. लख्ख ऊन पडलं होतं. त्यांनी फोन हातात घेतला.

"उगवला, सुलभा, उगवला," ते म्हणाले. "मी जेवलो. आता तू जेव."