रिकाम्या रस्त्यावरचं माहेर

ही गोष्ट भर दुपारची आहे. अंधार, घुबड, कडकडणाऱ्या विजा असलं काही हवं असेल तर आधीच सांगा, म्हणजे दुसरी काढू. इथं लख्ख ऊन होतं, सहापदरी रस्ता होता आणि दुभाजकावर नुकतीच लावलेली फुलझाडं होती. माणूस मात्र कुठं नव्हता.

मंडळी तुमसरची. पराग, त्याची बायको क्षमा आणि आई विनोदिनीबाई. रायपूरला शंकर नगरात परागची मावशी राहायची. तिच्याकडे उतरून शहर पाहायचं, असा बेत होता. क्षमाला सातवा लागला होता. एकदा मूल झालं की कसलं फिरणं, म्हणून तिनंच हट्ट धरला. मावशीनं तुळशीराम नावाच्या ओळखीच्या ड्रायव्हरची गाडी ठरवून दिली आणि सकाळीच सगळे छत्तीसगडची नवी राजधानी पाहायला निघाले. मंत्रालय तेव्हा नुकतंच जुन्या शहरातून तिकडं हललं होतं.

विनोदिनीबाई मनानं निर्मळ, पण तोंडाला कुलूप नाही. वाटेत भेटेल त्याला त्या घरची सगळी हकीकत सांगणार. त्यात सुनेची हकीकत हमखास. "हिले आई नाही हो. मामाकडं वाढली. माहेरच नाही बिचारीले." हे ऐकून समोरचा हळहळायचा, आणि क्षमाच्या तळपायाची आग मस्तकात जायची. लहानपणापासून तिनं ती हळहळ इतकी खाल्ली होती की तिला आता कोणाची कीव नको होती.

तिथल्या मुक्तांगण नावाच्या बागेतले पुतळे पाहून झाले, डबे खाऊन झाले, आणि परतीच्या वाटेवर पाणी संपलं. त्या रस्त्याला दुकान म्हणून नव्हतं. रिकाम्या इमारती, रिकामे चौक, आणि भर उन्हात जळत असलेले दिवे.

"बापा, माणसं कुठं गेली इथली?" विनोदिनीबाई म्हणाल्या.

"यायची आहेत अजून, माताजी," तुळशीराम म्हणाला.

तेवढ्यात क्षमाला चुलीच्या धुराचा वास आला. डाव्या हाताला, पदपथाला अगदी खेटून एक घर होतं. मातीचं, शेणानं सारवलेलं, भिंतीला निळीचा पट्टा. दारात एक म्हातारी उभी होती. कपाळावर ठसठशीत कुंकू. गाडी थांबायच्या आधीच तिनं पाण्याचा लोटा पुढं केला होता.

"पानी पी ले बेटी."

पाणी इतकं गार होतं की क्षमाचे दात शिवशिवले. तुळशीराम खाली उतरला नाही. तो स्टिअरिंगवर हात ठेवून समोर पाहत राहिला.

इकडं विनोदिनीबाईंची हकीकत सुरू झालीच होती. आई नाही, माहेर नाही. म्हातारी एकटक पाहत ऐकत होती. मग ती आत गेली आणि सुपात तांदूळ घेऊन आली.

"अगं माय, सवाष्णीच्या हातची ओटी!" विनोदिनीबाईंचे डोळे भरून आले. "भरा, बाई, भरा. आजपासून तुम्हीच हिची आई. तुमचंच घर हिचं माहेर."

क्षमा नको म्हणणार होती. पण पदर पुढं झाला, ओंजळ पडली, आणि म्हातारीनं तिच्या पोटावर हात ठेवून म्हटलं, "मोर बेटी." माझी लेक.

खरं सांगायचं तर त्या क्षणी क्षमाला बरं वाटलं. असं कोणी तिला कधी म्हटलंच नव्हतं.

गाडी निघाली. पहिला चौक गेला, सरळ रस्ता गेला, आणि डाव्या हाताला निळीचा पट्टा दिसला. म्हातारी दारात उभी होती.

"भैया, रस्ता चुकला का?" परागनं विचारलं.

"नाही भैया." तुळशीरामनं वेग वाढवला. पुन्हा चौक, पुन्हा सरळ रस्ता, पुन्हा चुलीचा धूर... या वेळी म्हातारी पदपथावर आली होती.

"काहून फिरून फिरून इथंच येऊन राहिलो?" विनोदिनीबाईंनी विचारलं.

तुळशीरामनं ओठ ओले केले. "इथं घर नाही, माताजी. मी रोज जातो इथून. पहिले एक पारा होता, म्हणजे वस्ती, दहा-वीस घरांची. रस्ता आला, लोक उठले. एक बाई उठली नाही म्हणतात. तिची पोरगी बाळंतपणाला येणार होती. घर हललं तर पोरीला सापडणार कसं, म्हणून बसून राहिली... मले नाही दिसून राहिलं ते घर. तुम्ही थांबा म्हणाले, म्हणून थांबलो."

विनोदिनीबाईंनी तोंडावर हात ठेवला. आपण कोणाला आई करून आलो, हे त्यांच्या ध्यानात आलं. पहिलं बाळंतपण माहेरी होतं, ही आपल्याकडची रीत. पोरगी पोटुशी आली की तिला माहेर सोडत नाही.

आणि क्षमाच्या ध्यानात दुसरंच काही आलं. सकाळपासून पोटात लाथा मारणारं पोर ओटी भरल्यापासून हललं नव्हतं.

तिनं पोट दाबून पाहिलं. कूस बदलली. काही नाही.

"फेकून दे ते तांदूळ!" विनोदिनीबाई ओरडल्या.

"थांबवा गाडी," क्षमा म्हणाली.

म्हातारी आता रस्त्याच्या मधोमध होती. मागं घराचं दार सताड उघडं, आणि आत बाज अंथरलेली, बाजेखाली शेगडी ठेवलेली दिसत होती. शेगडीत निखारे फुललेले होते. ओव्याच्या धुरीचा वास थेट गाडीपर्यंत आला.

"क्षमा, उतरू नको..." परागनं तिचा हात धरला.

"सोड. लेकरू माझं आहे."

ती उतरली. डांबर तापलेलं होतं, पण म्हातारीजवळ जावं तसा पायांना गारवा लागत होता. ती भ्यालेली होती, पण त्याहून जास्त तिला राग आला होता. जन्मभर माहेर नाही म्हणून ऐकून घेतलं, आणि मिळालं तर असं?

"आ बेटी. लइका इहें होही," म्हातारी मऊ आवाजात म्हणाली. मूल इथंच होईल.

"नाही होणार," क्षमा म्हणाली. तिनं पदरातले तांदूळ घट्ट धरले. "ओटी घेतली, ती परत करत नाही. आई म्हणायचं तर म्हणते. पण तुले रीत ठाऊक नाही का? पोरीले असं रस्त्यात अडवून नेतात? चोर नेतात तसं? मी सासरची आहे. न्यायचं असेल तर दारी यायचं, सासूले विचारायचं, मग न्यायचं. माझं पोर गप्प करशील तर आई कसली तू? सोड त्याले. आत्ता सोड!"

म्हातारी तिच्याकडं पाहत राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. विसरलेल्या गोष्टीची कोणी आठवण करून द्यावी, तशी ती ओशाळली. तिनं डोक्यावरचा पदर नीट केला.

"हव," ती म्हणाली. आणि बाजूला झाली.

क्षमा गाडीत येऊन बसली तोच पोटात अशी सणसणीत लाथ बसली की ती कळवळली, आणि मग हसता हसता रडली. चौक गेला, सरळ रस्ता गेला, पुढं रायपूरच्या तेलीबांध्याची गर्दी लागली. विनोदिनीबाई शंकर नगर येईपर्यंत सुनेच्या पायाला हात लावून बसल्या होत्या. तांदूळ त्यांनी टाकू दिले नाहीत, आणि शिजवलेही नाहीत.

दोन महिन्यांनी तुमसरला, ओळखीच्या एका छोट्या दवाखान्यात क्षमाला मुलगी झाली. धट्टीकट्टी, रडून छप्पर उचलणारी. दुसऱ्या दिवशी सकाळी नर्स टोपडं बांधताना म्हणाली, "तुमच्या आईची माया मोठी हो. रात्रभर उशाशी बसून होती."

"कोणाची आई?"

"तुमची. हिंदीसारखं काहीतरी बोलत होती. आता बाहेर सासूबाईंशी बोलून राहिली."

क्षमानं मुलीला उचलून छातीशी धरलं. टाके ओढले गेले, तिनं पर्वा केली नाही. दारात विनोदिनीबाई आल्या. त्यांच्या चेहऱ्यावर रक्ताचा थेंब नव्हता.

"क्षमा... ते दारी आली. पदर घेऊन, वाकून नमस्कार केला मले. म्हणते, रीतीनं आली. सव्वा महिना लेक अन् नात घेऊन जातो म्हणते. गाडी जुंपून आणली..."

"मग? तुम्ही काय म्हणालात?"

विनोदिनीबाईंचं तोंड उघडंच राहिलं. जन्मात पहिल्यांदा त्यांना शब्द सुचत नव्हता. मग त्यांनी कंबर ताठ केली, वळल्या, आणि साऱ्या दवाखान्याला ऐकू जाईल अशा आवाजात बोलल्या,

"आमची सून आम्ही पाठवत नाही! यंदा नाही, अन् कधीच नाही!"

मग खिडकीखालून बैलांच्या घुंगरांचा आवाज आला. क्षमा कान देऊन ऐकत होती. आता गाडी वळेल, आता आवाज दूर जाईल.

आवाज दूर गेला नाही. जू खाली टेकल्याचं ऐकू आलं, मग दोर सोडल्याचं.

परागनं धावत जाऊन खिडकीतून पाहिलं. फरशीचं आवार, एक स्कूटर, बाकी काही नाही. फक्त भिंतीच्या सावलीत कोणीतरी ताजा पेंढा पसरला होता, आणि तो थोडा थोडा कमी होत होता.